नोव्हा स्कोशियात मिकमाक लोकांच्या औषधी झाडांमागे

शनिवार, हॅलिफॅक्स

कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावरच्या नोव्हा स्कोशियाला लोक जातात ते लॉबस्टर खायला, पेगीज कोव्हचं दीपगृह बघायला आणि कॅबट ट्रेलवर गाडी फिरवायला. आम्हीपण ते सगळं थोडंथोडं केलं, पण त्याची माहिती कुठेही मिळते, त्यामुळे ते इथे लिहीत नाही. मला लिहायचंय ते इथल्या मूळ रहिवाशांच्या, म्हणजे मिकमाक लोकांच्या औषधी वनस्पतींबद्दल. मी पुण्यात बॉटनीत एमएस्सी केलं, आता बरीच वर्षं मिसिसागात आहे, आणि या विषयावर तुकड्यातुकड्यात खूप वाचलं होतं पण झाडं प्रत्यक्ष त्यांच्याच लोकांबरोबर बघायची होती. जुलैत आई पुण्याहून आलेली होती, नवऱ्याला सुट्टी मिळाली, मग तिघांनी निघायचं ठरवलं.

थोडी पार्श्वभूमी आधी सांगते. आज ज्याला नोव्हा स्कोशिया, प्रिन्स एडवर्ड आयलंड, न्यू ब्रन्सविकचा बराच भाग, क्वेबेकचं गॅस्पे आणि न्यूफाउंडलंड म्हणतात तो सगळा मुलूख मिकमाक लोकांचा, ते त्याला मिकमागी म्हणतात. ट्रूरोजवळ डेबर्टला माणसाच्या वस्तीच्या दहा हजार वर्षांहून जुन्या खुणा सापडल्यात. इंग्रजांबरोबर अठराव्या शतकात त्यांचे तह झाले, शेवटचे मोठे १७६०-६१ चे, ते शांतता आणि मैत्रीचे तह होते, जमीन देऊन टाकल्याचं त्यांत कुठेही नाही. इतकी वर्षं एकाच जंगलात, दलदलीत आणि किनाऱ्यावर राहिलेल्या लोकांना तिथलं प्रत्येक पान माहीत असणार यात काही आश्चर्य नाही.

संध्याकाळी फक्त बंदरावर फिरलो.

रविवार, पोर्ट रॉयल

सकाळी अ‍ॅनापोलिस खोऱ्याकडे निघालो, दुतर्फा सफरचंदाच्या बागा. पोर्ट रॉयलला फ्रेंचांनी १६०५ मध्ये वस्ती केली तिची लाकडी प्रतिकृती बांधलेली आहे. तिथे मला जास्त विचार करायला लावणारी गोष्ट त्याच्या आदल्या हिवाळ्याची आहे. १६०४ मध्ये फ्रेंच दर्यावर्दी शॉंप्लँ आणि मंडळी सेंट क्रॉय बेटावर राहिली, एकूण ७९ माणसं, आणि हिवाळा संपेपर्यंत त्यातली जवळपास निम्मी स्कर्व्हीने, म्हणजे क जीवनसत्त्व न मिळाल्याने होणाऱ्या रोगाने, गेली. हिरड्या सडल्या, दात हलायला लागले, पाय सुजले. आणि या सगळ्या भागात बारा महिने हिरवी असणारी सूचिपर्णी झाडं भरून आहेत, ज्यांच्या पानांचा काढा इथले लोक घेतात आणि ज्यात क जीवनसत्त्व असतं! औषध दारात होतं. पण झाड नुसतं असून भागत नाही, त्याचं काय करायचं हे जाणणारा माणूस बरोबर लागतो, आणि त्या माणसाला विचारावं असं वाटावं लागतं. तिथून पोर्ट रॉयलला हलल्यावर फ्रेंचांनी मिकमाक प्रमुख मेंबर्टू यांच्याशी जवळीक केली आणि त्यांचं बरं चाललं. हे मेंबर्टू २४ जून १६१० ला इथेच बाप्तिस्मा घेतलेले, त्यांच्या नावाची मिकमाक वस्ती आज सिडनी शहरात आहे.

सोमवार, बेअर रिव्हर

बेअर रिव्हर गाव नदीकाठी खांबांवर उभ्या असलेल्या घरांचं, कारण फंडीच्या उपसागराची भरती-ओहोटी जगात सगळ्यात मोठी. गावाच्या वरच्या अंगाला बेअर रिव्हर फर्स्ट नेशनची (कॅनडात मूळ रहिवाशांच्या समूहाला फर्स्ट नेशन म्हणतात) वस्ती आहे, तिथे सांस्कृतिक केंद्र आणि औषधी वनस्पतींची पायवाट आहे. आमच्याबरोबर वस्तीतल्याच एक बाई आल्या, साठीच्या असतील. पायवाटेवर पाऊल टाकायच्या आधी त्यांनी खिशातून चिमूटभर तंबाखू काढून एका झाडाच्या बुंध्याशी ठेवली आणि हळू आवाजात त्यांच्या भाषेत काहीतरी म्हटलं. काही तोडायचं असेल तर आधी असं देऊन विचारायचं, मग तोडायचं. समोर दिसलेलं पहिलंच झाड घ्यायचं नाही, पुढे आणखी आहेत का बघायचं, आणि एका जागेवरून सगळं उचलायचं नाही. आई लगेच मला म्हणाली, अगं आपल्याकडे तिन्हीसांजेनंतर तुळशीला हात लावत नाहीत, आणि आजोबा मुळी काढायला जायचे तर आदल्या दिवशी झाडाला अक्षता ठेवून आमंत्रण देऊन यायचे. मी त्या बाईंना इंग्रजीत सांगितलं तर त्यांनी आईचा हात हातात घेतला आणि पुढची सगळी वाट आईच्या बरोबरीने चालल्या.

पहिलं झाड बाल्सम फर. कोवळ्या खोडाची साल गुळगुळीत राखाडी असते आणि तिच्यावर फोड असतात. बाईंनी नखाने एक फोड दाबला आणि त्यातून पारदर्शक चिकट डिंक बाहेर आला, त्याला थोडा लिंबासारखा वास. तो जखमेवर, भाजल्यावर लावतात, हवा लागून घट्ट झाला की जखम झाकली जाते, सर्दी-पडशाला सालीचा आणि पानांचा काढा करतात. मला तो वास आला आणि एकदम कॉलेजची लॅब आठवली, कारण हाच तो कॅनडा बाल्सम! आम्ही झाडांचे पातळ छेद घेऊन परमनंट स्लाइड करायचो तेव्हा तपकिरी बाटलीतून काचेच्या काडीने याचाच थेंब टाकून वर कव्हरस्लिप ठेवायचो, त्यातून प्रकाश जवळजवळ काचेसारखाच जातो म्हणून तो वापरतात. दोन वर्षं मी तो पदार्थ रोज हाताळला आणि तो कुठल्या झाडाचा, त्या झाडाचं औषध कुठले लोक करतात हे एकाही तासाला कोणी सांगितलं नव्हतं.

पुढे ओल्या शेवाळात गोल्डथ्रेड दिसलं. तीन-तीन पानांची इवलीशी वनस्पती, सहज पायाखाली जाईल अशी. बाईंनी बसून दोन बोटांनी शेवाळ अलगद बाजूला केलं आणि खाली दिसली मुळी, हळदीत भिजवून काढलेला शिवणाचा दोरा असावा तशी, लांबच लांब, एका झाडाची दुसऱ्यात गुंतलेली. तोंड येणं, घसा दुखणं, पोटाच्या तक्रारी, दुखरे डोळे, इतक्या गोष्टींना ही वापरतात. बाईंनी नखाएवढा तुकडा तोडून आम्हाला चावायला दिला, इतका कडू की जिभेवर बराच वेळ राहिला. कडूपणा बर्बेरिनचा, आपल्या दारुहळदीतही तेच असतं आणि आपल्याकडेही दारुहळद (तिचं रसांजन) डोळ्यांना आणि तोंड आल्यावर वापरतात. दोन्ही झाडं वेगळ्या कुळातली, मध्ये अर्धी पृथ्वी, आणि लोक दोन्हीकडे त्याच दुखण्यावर येऊन पोचले. पूर्वी साळिंदराच्या काट्यांच्या नक्षीकामात पिवळा रंगही याच मुळीचा असायचा. दाखवून झाल्यावर बाईंनी शेवाळ परत जागच्या जागी ओढलं आणि तळव्याने दाबून बसवलं, जणू तिथे कोणी आलंच नव्हतं.

परतताना रस्त्याकडेला यारो फुललेलं. पांढऱ्या फुलांचे गुच्छ, पिसांसारखी पानं. ताप-सर्दीला हे गरम दुधातून देतात म्हणजे घाम येतो, आणि मुरगळल्यावर, मुका मार लागल्यावर वाळवून कुटून लेप लावतात. रानचेरीची आतली साल खोकल्याला. आणि शीप लॉरेल नावाचं गुलाबी फुलांचं झुडूप दाखवून त्यांनी स्पष्ट सांगितलं की हे पोटात गेलं तर विष आहे, फक्त सुजेवर बाहेरून लावायचं. ही जी रेघ असते ना, हे बाहेरून आणि हे आतून, हे इतकं आणि याच्यापुढे नाही, ती कुठल्याही यादीत नीट उतरत नाही. म्हणून मी इथे काढा किती आणि किती वेळ उकळायचा हे मुद्दाम लिहीत नाहीये.

मंगळवार, केजिमकुजिक

केजिमकुजिक हे राष्ट्रीय उद्यान आहे आणि मिकमाक सांस्कृतिक भूमी म्हणून राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळही आहे. तळ्याकाठच्या सपाट पाटीच्या दगडांवर पाचशेहून जास्त कोरीव चित्रं आहेत, होड्या, माणसं, बायकांच्या टोकदार टोप्या, आणि ती फक्त वाटाड्याबरोबरच बघता येतात. आम्हाला ती बघायला मिळाली, आई तर एका होडीच्या चित्राजवळून हलायलाच तयार नव्हती.

दुपारी जुन्या हेमलॉकच्या जंगलात फिरलो, काही झाडं शेकडो वर्षांची. पण इथे वाईट बातमी आहे. हेमलॉकचा रस शोषणारी अ‍ॅडेल्जिड नावाची बारीक कीड या भागात पोचली आहे, फांद्यांच्या खालच्या बाजूला कापसासारखे पांढरे ठिपके दिसतात, आणि कीड लागलेलं झाड काही वर्षांत वाळतं. टोपल्यांसाठी लागणारा ब्लॅक अ‍ॅश तर नोव्हा स्कोशियात आधीच अगदी थोडा उरलाय. जंगल गेलं की त्याच्या सावलीत वाढणारी गोल्डथ्रेडसारखी वनस्पतीही जाते, मग औषधाचं ज्ञान कितीही जपून ठेवलं तरी करायचं काय, हा प्रश्न मला तिथे फार लागला.

बुधवार, शूबेनाकडी आणि लांबचा रस्ता

आज नुसता प्रवास, केप ब्रेटनपर्यंत. वाटेत मिलब्रूकला ग्लूस्कॅपचा, म्हणजे मिकमाक पुराणकथांमधल्या वीराचा, बारा मीटर उंच पुतळा लागतो, तिथे चहा घेतला. त्याच्या आधी शूबेनाकडीला थांबलो होतो. तिथे १९३० ते १९६७ निवासी शाळा होती. मिकमाक मुलांना घरातून उचलून तिथे ठेवायचे, स्वतःची भाषा बोलली तर मारायचे, भूक, आजार, अत्याचार, सगळं तिथे झालं आणि सगळी मुलं घरी परत आली नाहीत. इमारत आता नाही. याच्याच जोडीने १९४० च्या दशकात सरकारने ठिकठिकाणच्या मिकमाक कुटुंबांना घरं-शेतं सोडायला लावून एस्कासोनी आणि शूबेनाकडी अशा दोनच ठिकाणी आणायचा कार्यक्रम राबवला.

औषधाच्या बाजूने याचा विचार करून बघा. कुठली मुळी कुठल्या ओढ्याच्या कुठल्या वळणावर आणि कुठल्या महिन्यात काढायची हे ज्या आजीला माहीत होतं तिला ओढ्यापासून उचललं, आणि ज्या नातीला ती दाखवणार होती तिला शाळेत कोंडलं. सोमवारी त्या बाई म्हणाल्या होत्या की माझ्या आईने मला थोडंच शिकवलं कारण तिला भीती वाटायची, बाकी मी म्हाताऱ्या माणसांच्या घरी जाऊन जाऊन गोळा केलं. तेव्हा ते वाक्य मी नुसतं ऐकून घेतलं होतं, इथे उभं राहिल्यावर ते पूर्ण पोचलं. आईने गाडीत बसल्यावर बराच वेळ कोणाशी बोलणं केलं नाही.

गुरुवार, एस्कासोनी

प्रवासातला सगळ्यात मोठा दिवस हा. एस्कासोनी ब्रा-द-ओर सरोवराच्या काठी आहे, मिकमाक लोकांची सगळ्यात मोठी वस्ती, इथे दुकानातसुद्धा भाषा कानावर पडते. लागूनच गोट आयलंड आहे, तिथे वस्तीतलेच लोक फिरवून आणतात. आधी धुरी. शिंपल्यात सुगंधी गवत आणि सेज पेटवून धूर करतात, तो दोन्ही हातांनी डोक्यावरून, डोळ्यांवरून, छातीवरून घ्यायचा. मग पायवाट, मध्ये मध्ये थांबे, कुठे टोपल्या विणणं, कुठे नाच, कुठे निखाऱ्यावर भाजलेला लुस्किनिगन नावाचा पाव, त्याच्याबरोबर चहा.

औषधांच्या थांब्यावर एक आजोबा होते. त्यांनी कापडी पिशवीतून एक वाळलेला मुळीचा तुकडा काढला, बोटाएवढा, पेरं पेरं असलेला, तपकिरी, आणि सगळ्यांना वास घ्यायला दिला. सर्दी, खोकला, घसा यांना ही मुळी चघळतात, साथीच्या दिवसांत घरात शिजवत ठेवून तिची वाफ घ्यायचे. तुकडा फिरत फिरत आईकडे आला, तिने नाकाशी धरला आणि मोठ्याने म्हणाली, "अगं, हे तर वेखंड आहे!"

आणि होतंच ते. इंग्रजीत स्वीट फ्लॅग, अकोरस. सगळे आमच्याकडे बघायला लागले, मग आजोबांनी आईला विचारलं की तुम्ही याचं काय करता, आणि मी मध्ये दुभाषी. आईने सांगितलं, बाळाच्या घुटीत असतं, सहाणेवर दुधात नाहीतर पाण्यात उगाळायचं, बाळाला न्हाऊ घातलं की याची पूड अंगाला लावायची, सर्दी झाली तर टाळूवर. आजोबांनी लगेच विचारलं, बाळाला किती देता? आई म्हणाली एक वेढा, म्हणजे सहाणेवर मुळी एकदाच गोल फिरवायची, बाळ मोठं होईल तसं वेढे वाढवायचे, आणि तिने हवेत हात फिरवून दाखवला, मनगट किती दाबायचं तेसुद्धा. आजोबांनी तसाच हात फिरवला. दोघांनी दोन-तीनदा केलं. ते म्हणाले हो, असं हातानेच शिकवावं लागतं. वर्गातल्या माझ्या सगळ्या शिक्षणात डोस म्हणजे मिलिग्रॅम, आणि इथे माझ्या डोळ्यांसमोर दोन माणसं, एकाला दुसऱ्याची भाषा येत नाही, मनगटाच्या दाबावर बोलत होती. मला फार भरून आलं.

एक गोष्ट मात्र नीट सांगायला हवी. इथलं वेखंड आणि आपलं वेखंड अगदी एक नाही. अमेरिकेतली जात द्विगुणित (गुणसूत्रांचे दोन संच असलेली), आपल्याकडची बहुतेक चतुर्गुणित (चार संच असलेली), आणि आपल्या जातीत बीटा-असारोन नावाचं द्रव्य भरपूर असतं जे इथल्या जातीत नसतं. प्रयोगांत उंदरांना बीटा-असारोनमुळे गाठी झाल्याचं दिसल्यावर अमेरिकेने १९६८ मध्ये वेखंड खाण्याच्या पदार्थांत घालायला बंदी केली. म्हणजे बाळाला पोटात देण्याआधी आपल्याकडे डॉक्टरांशी बोललेलंच बरं, आईलाही मी तेच सांगितलं आणि तिला पटलं. दुसरं म्हणजे त्याच पाणथळ जागी निळा आयरिस वाढतो, फूल नसताना पानं सारखीच दिसतात, आणि तो पोटात गेला तर त्रास होतो. आजोबा म्हणाले पान चुरगाळून वास घ्या, वेखंडाला वास येतो आणि आयरिसला येत नाही, आणि तरी खात्री नसेल तर हात लावू नका.

एस्कासोनीचंच आणखी एक नाव घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही. इथल्या मर्डेना आणि अल्बर्ट मार्शल या ज्येष्ठ दांपत्याने २००४ च्या सुमाराला एटुआप्टमुम्क हा विचार मांडला, एका डोळ्याने आपल्या लोकांच्या ज्ञानाचं बळ बघायचं, दुसऱ्याने पाश्चात्त्य विज्ञानाचं, आणि दोन्ही डोळे एकत्र वापरायचे. मर्डेनाबाई २०१८ मध्ये गेल्या. वेखंडाच्या त्या अर्ध्या तासात आमच्याकडून नेमकं हेच झालं असं मला वाटतं.

शुक्रवार, सिडनी

पाऊस. सिडनीत केप ब्रेटन विद्यापीठ आहे, तिथे मस्क्विओमिन म्हणजे भूर्जाच्या सालीच्या तेलावर काम झालंय. मिकमाक वकील आणि लोकवनस्पतींचे अभ्यासक तुमा यंग आणि रसायनशास्त्राचे प्राध्यापक मॅथियास बीरेनश्टील यांनी मिळून हे केलं. एक्झिमासारख्या त्वचेच्या त्रासावर हे तेल लावायची जुनी पद्धत. तेल काढायचं ते असं: साल डब्यात गच्च भरायची, डब्याच्या तळाला भोक, त्याच्याखाली जमिनीत पुरलेला दुसरा डबा, आणि वरच्या डब्याभोवती जाळ. हवा न मिळता साल तापते आणि तेल ठिबकत खाली येतं. आपल्याकडे बिब्ब्याचं तेल पाताळयंत्राने काढतात त्यात हीच रीत असते. मला या कामातलं आवडलं ते हे की ज्ञान ज्यांचं आहे ते लोक संशोधनात पहिल्यापासून बरोबरीने होते. हळद आणि कडुनिंबाच्या पेटंटची भांडणं आपण १९९० च्या दशकात बघितलीत, त्यामुळे याची किंमत आपल्याला वेगळी सांगायला नको.

शनिवार, केप ब्रेटन हायलँड्स

फ्रेंच माउंटनवर बॉग ट्रेल म्हणून छोटी पायवाट आहे, दलदलीवर लाकडी फळ्या टाकलेल्या, आईलाही आरामात जमली. लॅब्राडोर टी दिसलं, पान उलटवलं की खाली गंजाच्या रंगाची लोकर. याचा चहा सर्दीला घेतात, पण तो नुसता मुरवायचा, खूप वेळ उकळायचा नाही कारण त्यात विषारी द्रव्यंही उतरतात, आणि गरोदर बायकांनी घ्यायचा नाही.

आणि फळ्यांच्या अगदी शेजारी पिचर प्लँट. जमिनीलगत फुगीर हिरवे-लाल कलश, आत पावसाचं पाणी, पाण्यात बुडालेले किडे, कलशाच्या ओठावर खाली वळलेले बारीक केस, हात लावला तर आत सहज सरकतो आणि बाहेर येताना अडतो. वर उंच दांड्यावर मान खाली घातलेलं गडद लाल फूल. या झाडाची कथा ज्या हॅलिफॅक्सहून आम्ही निघालो तिथलीच आहे. १८६१ मध्ये तिथे देवीची साथ होती, एक वयस्क मिकमाक बाई या झाडाच्या मुळांचा काढा देऊन आपल्या लोकांवर उपचार करत होती. रॉयल आर्टिलरीचे असिस्टंट सर्जन हर्बर्ट माइल्स यांनी ते लंडनला कळवलं. तिकडे थोडे प्रयोग झाले, काहींनी गुण आला म्हटलं, बऱ्याच जणांनी निरुपयोगी ठरवलं, आणि विषय बाजूला पडला. मग २०१२ मध्ये अ‍ॅरिझोनातल्या शास्त्रज्ञांनी प्रयोगशाळेत दाखवलं की या झाडाचा अर्क देवीच्या कुळातल्या विषाणूंची वाढ पेशींमध्ये अगदी सुरुवातीलाच थांबवतो. पेशींमधला प्रयोग म्हणजे माणसावरचा पुरावा नव्हे हे बरोबर आहे. पण दीडशे वर्षं ज्या बाईच्या औषधाला अडाणी समजूत म्हटलं गेलं, तिचं म्हणणं निदान नीट तपासायला एवढा काळ जावा, याचा मला तिथे उभं राहून राग आला आणि अजूनही येतो.

जाणाऱ्यांसाठी थोडं. राष्ट्रीय उद्यानात काहीही तोडायला बंदी आहे, बाहेरही मिकमाक लोकांच्या सांगण्याशिवाय मुळ्या उपटू नका. बेअर रिव्हर आणि गोट आयलंड दोन्हीकडे जायच्या आधी फोन करून वेळ ठरवा. जून-जुलैत दलदलीतली फुलं मिळतात पण काळ्या माशा आणि डास खूप असतात, पूर्ण बाह्यांचे कपडे घ्या. ज्येष्ठांकडून शिकणार असाल तर तंबाखूची छोटी पुडी न्यायची पद्धत आहे, ती आधी द्यायची आणि मग विचारायचं. फोटो विचारूनच. निघताना "वेलालिन" म्हणजे धन्यवाद म्हणा. आईने एस्कासोनीच्या आजोबांशी ठरवल्याप्रमाणे पुण्याहून सहाणेचा फोटो आणि घुटीतल्या सगळ्या औषधांची नावं लिहून पाठवलीत, त्यांची लॅटिन नावं मी शेजारी लिहून दिली आहेत, हिरडा, मायफळ, मुरुडशेंग, अतिविष असं करत करत.